करडू गार पडलंय? बाटली ठेवा बाजूला, आधी थर्मामीटर लावा

थंडीत शेळ्या व्यायला लागल्या की हे हमखास होतं, करडू निपचित पडलेलं दिसतं, घरातलं कोणीतरी घाईघाईने बाटली तोंडात कोंबतं आणि दोन दिवसांनी ते घरघर करत मरतं. दुधात काही खोट नसते हो, दूध गेलेलं असतं फुफ्फुसात. अंग गार पडलं की चोखणं, गिळणं, ठसका लागणं, श्वास घेणं हे जे सगळं आपोआप चालतं ते मंदावतं. आणि अंग जास्त तापलं तरी बिघडतं, पण त्याकडे कोणी बघतच नाही.

करडू बाहेर पडलं की ओल्या अंगाला गार हवा लागते, नाळ तुटते, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि या सगळ्यामुळे ते पहिला श्वास ओढतं. म्हणजे तेवढा गारवा कामाचाच असतो. पण तो कातडीपुरता. आतपर्यंत गारठा गेला की मेंदूतलं श्वासाचं केंद्रच सुस्त होतं, श्वास उथळ आणि विरळ होतो. त्यात करडाच्या अंगात ऊब तयार करायला जी तपकिरी चरबी असते ती जाळायला ऑक्सिजन लागतो, म्हणजे श्वास कमी तर ऊब कमी आणि ऊब कमी तर श्वास अजून कमी.

म्हणून व्याल्याबरोबर नाकातोंडातला चिकटा बोटाने काढा, गोणपाटाने बरगड्या खसाखसा पुसा, श्वास घेत नसेल तर गवताची काडी नाकपुडीत हलकेच फिरवा म्हणजे शिंक येते. शेळी चाटत असेल तर चाटू द्या. तोंडावर गार पाणी मारायची जुनी युक्ती मात्र आधीच गारठलेल्या करडावर अजिबात नको.

आता थर्मामीटर. टोकाला थोडं तेल लावून गुदद्वारात, आतल्या बाजूला टेकवून धरायचा, नुसत्या शेणात रुतवून नाही. १०२ ते १०४ फॅरनहाइट म्हणजे ठीक. १०२ च्या खाली असेल तर कोरडं करा, आडोशाला घ्या, आणि स्वतः मान वर धरून चोखतंय तर लगेच चीक पाजा. ९९ च्या खाली गेलं की मामला गंभीर. पाऱ्याचा जुना थर्मामीटर बहुतेक ९४ पासूनच सुरू होतो, तेव्हा पारा हललाच नाही तर थर्मामीटर खराब म्हणून फेकू नका, करडू खरंच तेवढं गार असू शकतं.

थर्मामीटर नसेल तर तोंडात बोट घाला. जीभ गार लागली आणि बोट चोखलं नाही तर दूध नाही, चमच्याने नाही, सिरिंजने नाही, एक थेंबसुद्धा नाही.

अशा करडाला खोक्यात किंवा डालग्यात ठेवून कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही बाजूंना लावा, दर अर्ध्या तासाने टेंपरेचर बघा. एक गोष्ट बरेच जण विसरतात, जन्मून पाचेक तास होऊन गेलेत आणि ९९ च्या खाली आहे तर त्याच्या अंगातली साखर संपत आलेली असते, नुसती ऊब दिली तर झटके येऊन जाऊ शकतं. तिथे आधी डॉक्टरकडून ग्लुकोजचं इंजेक्शन, मग शेक. ते पोटात द्यायचं इंजेक्शन घरी करायचं काम नाही.

१०० च्या वर आलं, मान उचलली, बोट चोखायला लागलं की चीक द्या, अंगाच्या उबेइतका कोमट, किलोला ५० मिली, म्हणजे दोन किलोच्या करडाला एका वेळी १०० मिली. उभं करून किंवा छातीवर बसवून पाजा, उताणं कधीच नाही.

आणि आता उबेसाठी लावतात तो बल्ब. घशाशी दुधाचा थेंब चुकीच्या जागी गेला की पिल्लू क्षणभर श्वास रोखतं, गिळतं आणि परत श्वास सुरू करतं, ही त्याची ढालच आहे. डुकराच्या आणि कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोगशाळेत बघितलंय की अंग जास्त तापलेलं असताना हा रोखलेला श्वास लवकर सुटत नाही, लांबतो. करडांवर नेमकं असंच होतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण बल्बखाली धापा टाकणाऱ्या करडाला तिथेच बाटली लावायची काय गरज आहे? १०४ च्या वर दिसलं तर आधी बाजूला घ्या, धाप थांबू द्या, मग पाजा. बल्ब एका कोपऱ्यातच लावा, दुसरा कोपरा गार ठेवा, म्हणजे करडू स्वतःच सरकतं. करडाच्या पाठीच्या उंचीवर आपला हात थोडा वेळ धरून बघा, चटका लागला तर बल्ब वर घ्या.

कुत्र्याच्या पिल्लांना हे आकडे लावू नका, पहिल्या आठवड्यात त्यांचं नॉर्मलच ९५ ते ९९ असतं.

आणि जुळं असेल तर दुसऱ्याचंही टेंपरेचर घ्या, पहिल्याच्या गडबडीत ते ओलंच राहिलेलं असतं.