फक्त एम१ च्या चॅनेलवर ५० हर्ट्झचा गोंगाट: माझा अनुभव

मडगावात स्लीप स्टडी (रुग्णाच्या झोपेची रात्रभर नोंद) करताना ऐन पावसाळ्यात एफ४-एम१, सी४-एम१, ओ२-एम१ या तिन्ही ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींच्या) रेषा ५० हर्ट्झच्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्या, गोंगाटाने जाड व्हायच्या. एम१ म्हणजे डाव्या कानामागचा संदर्भ इलेक्ट्रोड, एम२ उजव्या कानामागचा. डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या ई१-एम२, ई२-एम२ मात्र स्वच्छ. एम१ चा इम्पीडन्स (कातडी आणि इलेक्ट्रोड यांच्यातला विद्युत अडथळा) ५ किलोओहमच्या खाली टिकत नव्हता.

कातडी पुन्हा घासली, इलेक्ट्रोड बदलला, एसी बंद करून पाहिला. नॉच फिल्टरने (फक्त ५० हर्ट्झ गाळणाऱ्या फिल्टरने) गोंगाट फक्त झाकला जातो. तपासताना तो बंदच ठेवा. तीन रुग्णांची रात्र वाया गेली, याचं फार वाईट वाटलं.

खरं तर उत्तर समोरच होतं: बिघडलेल्या तिन्ही रेषांत समान एकच, एम१.

मग हेडबॉक्सवर (इलेक्ट्रोडच्या वायरी जिथे खोचतात त्या डबीवर) एम१ आणि एम२ च्या वायरींची अदलाबदल केली. गोंगाट वायरीबरोबर ई१-ई२ वर गेला नाही, एम१ च्याच रेषांवर राहिला. म्हणजे दोष वायर खोचायच्या एम१ च्या जॅकमध्ये. टॉर्च मारल्यावर आतल्या पिनेवर हिरवट थर दिसला. आपल्याकडची खारी, दमट हवा!

रुग्ण जोडलेला नसताना हेडबॉक्स यंत्रापासून सोडवला. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या बारीक स्वॅबने पीन गोल फिरवत पुसली. स्वॅब पांढरा निघेपर्यंत. खरवडू नका, मुलामा जातो. पूर्ण वाळू दिलं, वायरी मूळ जागी लावल्या, इम्पीडन्स पुन्हा मोजला: ३ किलोओहम, स्थिर. शेवटी बायोकॅलिब्रेशन (रुग्णाला साध्या हालचाली करायला सांगून रेषा तपासणं): डोळे मिटताच ओ२-एम१ वर अल्फा लहरी स्वच्छ उमटल्या.

आता हेडबॉक्स सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवतो.