मशीन कितीचं घेऊ, हे विचारण्याआधी

सप्टेंबरातला शनिवार, इंग्लंडच्या सफोक परगण्यातलं नुकतंच कापलेलं गव्हाचं रान, पायाखाली धसकटं कचकचतायत. माझ्या हातात 800 पौंडांचा नवाकोरा मेटल डिटेक्टर. तीन तासांची कमाई: काडतुसांची पितळी बुडं सात, ट्रॅक्टरचा एक नट, शिशाचा एक गोळा आणि चुरगळलेलं ॲल्युमिनियम. माझ्या मागून, माझ्याच पावलांच्या ओळीतून क्लबातले एक आजोबा येत होते. त्यांच्या मशीनच्या मुठीला काळी टेप गुंडाळलेली. ते थांबले, वाकले आणि मातीतून नखाएवढा चांदीचा तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. लाँग क्रॉस पेनीचा चतकोर. 1247 पासून या नाण्यावरचा क्रूस कडेपर्यंत नेलेला असे, आणि सुटे पैसे हवे असले की लोक त्याच रेघांवर नाणं कापत, भाकरी मोडावी तसं.

आजोबांनी मला एवढंच विचारलं, की तुला कुठली गाडी पकडायची आहे का?

तेव्हापासून मंडळाच्या गणपतीत कोणी विचारलं, "ताई, कोणतं मशीन घेऊ?" की मी आधी मशीन काय करतं ते सांगते. तळाशी जी थाळी असते, कॉइल, ती जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते. त्याने धातूत छोटे प्रवाह फिरतात, त्यांचं स्वतःचं क्षेत्र उलट येतं, आणि ते किती उशिरा आलं यावरून मशीन पडद्यावर आकडा दाखवतं. हा आकडा धातू, जाडी, आकार या सगळ्यांची मिळून खिचडी असते. म्हणूनच सोन्याची अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याची ओढून उघडायची कडी एकाच आकड्यावर येऊन बसतात, मशीन 200 पौंडांचं असो की 1000 चं. नवखा माणूस 'कचरा नको' म्हणून तो आकडा बंद करतो आणि अंगठीही जमिनीतच ठेवून येतो. मी पहिला हंगाम तेच केलं.

पैशाने काहीच फरक पडत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. सहा-आठ किलोहर्ट्झवर, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीवर चालणारं साधं मशीन मोठी नाणी छान पकडतं, पण तो चांदीचा चतकोर त्याला जेमतेम ऐकू येतो. वरच्या फ्रिक्वेन्सीला तो जास्त स्पष्ट बोलतो. खिळ्यांनी भरलेल्या जमिनीत खिळ्याच्या आवाजानंतर पटकन सावरून शेजारचं नाणं सांगणारं मशीन हवं. आणि समुद्राच्या ओल्या वाळूत तर खारं पाणीच वीज वाहतं, त्यामुळे एका फ्रिक्वेन्सीचं स्वस्त मशीन तिथे नुसतं किरकिरत बसतं. तिथे एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं मशीन लागतंच. शेतात मात्र माझ्या मते दोनशे-अडीचशे पौंडांच्या पुढे तुम्ही बहुतेक सोयीचे पैसे देता: हलकं वजन, बिनतारी हेडफोन.

मशीन घरी आलं की लगेच रानात पळू नका. पंधरा दिवस परसात शाळा भरवा. एक जुनी पेनी, एक नवी पेनी, खिळा, फॉइलची गोळी, डब्याची कडी आणि चांदीचं जोडवं, सगळं वेगवेगळ्या खोलीवर पुरा आणि जागा लिहून ठेवा. 1992 पासूनच्या पेन्यांच्या आत पोलाद आणि वर तांब्याचा मुलामा असतो, त्यामुळे जुनी आणि नवी पेनी मशीनला एक वाटत नाही. हा धडा फुकटात मिळतो. मग पडद्यावर रुमाल टाका आणि नुसत्या आवाजावर ओळखा. खिळा एका बाजूने गोड वाजतो आणि नव्वद अंशांत वळून पाहिलं की तुटक होतो. नाणं गोल असल्यामुळे चहूबाजूंनी सारखंच वाजतं. हे कान तयार होईपर्यंत कुठलाही आकडा खरा मानू नका.

हाताचं म्हणाल, तर अंगण सारवलेलं असेल तर निम्मं काम आधीच येतं. सारवताना हात जमिनीलगत सपाट फिरतो आणि प्रत्येक फटकारा मागच्याच्या निम्म्यावर चढतो, नाहीतर मध्ये कोरडे पट्टे राहतात. कॉइलचंही तसंच. जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर, दोन्ही टोकांना वर न उचलता, आणि एका पावलात अर्ध्या कॉइलपेक्षा पुढे न जाता. मी घड्याळाच्या लंबकासारखी हात झुलवत होते. टोकाला कॉइल वीतभर वर जायची, म्हणजे तेवढी खोली गेलीच.

खरं कसब मात्र जमीन वाचण्यात आहे, आणि इथे मला माहेरची, फलटणची शेती उपयोगी पडली. वडील मूठभर माती दाबून बघायचे: गोळा झाला पाहिजे, पण हाताला चिकटता कामा नये, आणि टाकला की फुटला पाहिजे. तो वाफसा. डिटेक्टरलाही तोच लागतो. उन्हाळ्यात वाळून तडकलेल्या रानात सिग्नल कमी मिळतात, आणि चिखलात चालणं म्हणजे शेतकऱ्याचं नुकसान. कापणीनंतर, पुढची पेरणी होण्याआधी, एक-दोन पावसांनंतरचे आठवडे साधा.

गावाकडे शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पांढरीत खापऱ्या, हाडं, राख मिळते. इथे रंग उलटा आहे. नांगरलेल्या फिक्या रानात एखादा पट्टा गडद दिसला, त्यात करड्या खापऱ्या, लाल कौलांचे तुकडे आणि समुद्रापासून कितीतरी आत कालवांचे शिंपले असले, तर तिथे रोमन काळात कोणीतरी जेवलेलं आहे. मशीन बंद ठेवून आधी नुसतं रान तुडवा. घरी बसून स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ऑनलाइन ठेवलेले जुने नकाशे बघा, त्यांत इंग्लंडही आहे. जुन्या नकाशांत आणि कागदांत मोडलेल्या पायवाटा, बुजवलेली तळी, आणि 'चॅपल फील्ड' किंवा 'फेअर फील्ड' अशी शेतांची नावं सापडतात. जिथे जत्रा भरली तिथे पैसे पडले. पंढरपूरच्या वाळवंटाला जे लागू, तेच इथे.

आता परवानगी. शेतमालकाची लेखी घ्या, आणि सापडलेल्याची वाटणी आधीच ठरवा. बहुधा निम्मी-निम्मी असते. संरक्षित स्मारकाच्या जागी डिटेक्टर चालवणं 1979 च्या कायद्याने गुन्हा आहे. 1996 च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे 300 वर्षांहून जुनी आणि निदान 10 टक्के सोनं-चांदी असलेली वस्तू, किंवा एकाच जागी मिळालेली तितकीच जुनी सोन्या-चांदीची दोन नाणी, 14 दिवसांत कळवावी लागतात. 2023 पासून व्याख्या आणखी रुंदावली आहे. जिल्ह्याच्या फाइंड्स लायझन ऑफिसरला, म्हणजे लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याला, साध्या वस्तूही दाखवा. जागा नकाशावर टिपून प्रत्येक वस्तू वेगळ्या पिशवीत ठेवा, आणि नाणं चिंच लावून घासू नका. हो, मी घासलं होतं.

थांबता येणं हे कसब कुठलंच मशीन विकत देत नाही. 1992 साली सफोकमधल्याच हॉक्सन गावात एरिक लॉज शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला गेले होते. सोन्या-चांदीची नाणी यायला लागल्यावर त्यांनी खणणं थांबवून कळवलं, आणि पुरातत्त्ववाल्यांनी सगळा साठा नीट काढला. तो हातोडाही आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. 2010 मध्ये सॉमरसेटमधल्या फ्रोमजवळ डेव्ह क्रिस्प यांना मडकं लागलं, तेही थांबले. आत 52,503 रोमन नाणी निघाली. थराथराने काढल्यामुळेच कळलं, की ती वर्षानुवर्षं साठवत न जाता एकदमच पुरलेली असावीत. नांगराच्या खोलीखाली, म्हणजे साधारण वीस-पंचवीस सेंटिमीटरखाली, सिग्नल गेला की मी फावडं बाजूला ठेवते.

हा छंद सामानात भरून गावी मात्र नेऊ नका. भारतात 1878 चा ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही पुरलेलं मिळालं तरी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. त्यावर पुरावस्तूंचा 1972 चा कायदा वेगळा. मामाच्या मळ्यात 'जरा बघू' म्हणून गेलात, तर गुप्तधनाची बोंब गावभर होईल ती वेगळीच.

तर हातात 400 पौंड असतील, तर 200 चं जुनं पण तपासून घेतलेलं मशीन घ्या. पिनपॉइंटर, म्हणजे वस्तू नेमकी कुठे आहे ते सांगणारा हातात धरायचा छोटा डिटेक्टर घ्या, त्याने खड्ड्यात चिवडायचा वेळ निम्मा होतो. चांगलं धारदार फावडं, हेडफोन आणि विम्यासकट क्लबाचं सभासदत्व घ्या. उरलेले पेट्रोलला.

माझं 800 वालं आता फेलिक्स्टोच्या किनाऱ्यावर जातं. ओल्या वाळूत ते खरंच गुणाचं आहे. शेतासाठी आजोबांचं ते टेपवालं मागून बघितलं. विकायचं नाही म्हणाले, बॅटरीचं झाकण सापडत नाहीये.