हापूसच्या हंगामाआधी बागेची वेबसाइट कशी तपासावी

थेट ग्राहकाला हापूस विकणाऱ्या बागायतदाराच्या हातात वर्षातले जेमतेम अडीच-तीन महिने असतात. मार्चमध्ये पेट्या निघू लागतात, गुढीपाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत मागणी वाढत जाते आणि जूनच्या पावसाबरोबर सारे संपते. एवढ्या थोड्या दिवसांत जो ग्राहक हातचा गेला तो त्या वर्षापुरता तरी गेलाच. दुकानातून रिकाम्या हाताने परतणारा माणूस आपल्या डोळ्यांना दिसतो, त्याला हाक मारता येते. वेबसाइट उघडून कंटाळून परतलेला माणूस मात्र काही न सांगता दुसऱ्या कोणाकडे पेटी नोंदवतो आणि यंदा मागणीच कमी आहे अशी आपली समजूत होते. म्हणून ही तपासणी फेब्रुवारीतच करावी.

घरातला सर्वांत स्वस्त फोन घ्यावा, वायफाय बंद करावे आणि आपली वेबसाइट परक्याच्या नजरेने उघडावी. यंदाचा आंबा सुरू झाला आहे का, डझनाचा दर काय, माझ्या पिनकोडवर पेटी येईल का, कधी येईल आणि मागणी कशी नोंदवायची, या पाच प्रश्नांची उत्तरे पहिल्या मिनिटाभरात मिळाली पाहिजेत. गेल्या वर्षीचे दर तसेच राहिलेले असणे हा सर्वांत सामान्य दोष आहे आणि माझ्या मते सर्वांत महागही, कारण जुना दर वाचून फोन करणाऱ्याला नवा दर सांगितला की आपण खरे बोलत असूनही फसवणूक झाल्यासारखे त्याला वाटते. दरासोबत फळाचे वजनही ग्रॅममध्ये द्यावे. ‘मोठा’ आणि ‘मध्यम’ या शब्दांचा अर्थ बागेत सर्वांना ठाऊक असतो, पुण्यातल्या नव्या ग्राहकाला नसतो.

पान उघडायला वेळ लागत असेल तर दोष बहुधा छायाचित्रांचा असतो. मोबाइलवर काढलेले एकेक छायाचित्र चार-पाच एमबीचे असते. तशी दहा थेट चढवली तर एका पानासाठी ग्राहकाचा चाळीस-पन्नास एमबी डेटा खर्च होतो. छायाचित्राची रुंदी सुमारे १२०० पिक्सेल ठेवून ते वेबपी या वेबसाठीच्या हलक्या चित्रस्वरूपात साठवले तर बहुतेक वेळा दोन-तीनशे केबीत काम भागते आणि डोळ्यांना फरक जाणवत नाही. पानाचा मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, ही गूगलने घालून दिलेली मर्यादा आहे, आणि आपले पान तिच्यात बसते का ते गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या मोफत साधनावर पाहता येते. आपोआप सुरू होणारी चित्रफीत असेल तर ती सरळ काढून टाकावी.

व्हॉट्सॲपसाठी तयार केलेले दरपत्रकाचे चित्रच पानावर डकवण्याची सवय मोडायला हवी. चित्रातला फोन नंबर दाबून फोन लावता येत नाही, दर बदलला की सारे चित्र नव्याने करावे लागते आणि दृष्टिहीन व्यक्तीचा स्क्रीनरीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे साधन) ते वाचू शकेलच असे नाही. मजकूर युनिकोड मराठीत टाइप करावा. छपाईसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या फाँटमधला मजकूर तसाच चिकटवला तर ग्राहकाला अर्थहीन चिन्हे दिसतात आणि शोधयंत्रालाही त्यात ‘हापूस’ हा शब्द सापडत नाही.

या सर्वांहून अधिक वेळ विश्वासाच्या प्रश्नाला द्यावा. दुसरीकडचा आंबा देवगड किंवा रत्नागिरीच्या नावाने विकला जातो हे शहरातल्या ग्राहकाला चांगले ठाऊक असते, त्यामुळे तो आपल्या पानावर येतो तोच शंका घेऊन. कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालाची अधिकृत ओळख) मिळाले असून त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे येतात. आपण या मानांकनाचे नोंदणीकृत वापरकर्ते असाल तर ते प्रमाणपत्र वाचता येईल अशा आकारात लावावे. नोंदणी नसेल तर मानांकनाचे चिन्ह मुळीच वापरू नये. गावाचे नाव, बागेचा पत्ता आणि स्वतःच्या कलमांची, आढीची, पेटी भरणाऱ्या हातांची छायाचित्रे द्यावीत; इंटरनेटवरून उचललेला चकचकीत आंबा इतर दहा ठिकाणीही दिसतो आणि तो आपल्या खऱ्या मालावर संशय आणतो.

त्याच पानावर साक्याबद्दल, म्हणजे गर आतून खराब होण्याच्या दोषाबद्दल, स्पष्ट लिहावे. साका बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो, आणि दूरवरून आगाऊ पैसे भरणाऱ्याच्या मनातली सर्वांत मोठी भीती तीच असते. किती दिवसांत कळवायचे, छायाचित्र कोठे पाठवायचे, बदली फळ मिळणार की पैसे, हे चार ओळींत लिहिले तर फोनवर अर्धा तास समजूत घालावी लागत नाही. ई-कॉमर्ससंबंधीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांत तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि एका महिन्यात निवारण करणे अपेक्षित आहे. नाशवंत फळाच्या बाबतीत महिना फारच लांबचा, म्हणून आपली मुदत दोन-तीन दिवसांचीच ठेवावी.

पत्त्याच्या पट्टीत ‘सुरक्षित नाही’ असे दिसत असेल तर पैसे भरायला कोणी धजावणार नाही. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर एचटीटीपीएस (माहिती सांकेतिक रूपात पाठवणारी सुरक्षित जोडणी) नसलेल्या प्रत्येक संकेतस्थळावर ही सूचना दाखवतो. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून मोफत मिळते. डोमेन, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याचे नाव, कोणाच्या नावावर आहे हेही त्याच बैठकीत पाहून घ्यावे. ते वेबसाइट करून देणाऱ्याच्या किंवा शिक्षणासाठी परगावी गेलेल्या पुतण्याच्या ईमेलवर असेल तर नूतनीकरणाची सूचना आपल्यापर्यंत पोहोचतच नाही, मुदत टळते आणि पुढे ते नाव दुसरा कोणीही विकत घेऊ शकतो. पेट्यांवर छापलेल्या आपल्याच नावाने परका माणूस मागण्या घेऊ लागला तर होणारी हानी एका हंगामात भरून येत नाही.

एवढे झाल्यावर शहरातल्या एखाद्या नातेवाइकाला पेटी नोंदवायला सांगावे आणि शेजारी बसून एक शब्दही बोलू नये. तो जेथे अडखळेल तेथेच अनोळखी ग्राहक परत जातो. खाते उघडण्याची सक्ती असेल तर ती काढावी; नाव, पत्ता, पिनकोड आणि मोबाइल नंबर एवढे पुरते. यूपीआयने पैसे भरल्यावर पोच लगेच येते का, तेही याच वेळी कळते.

पेटीवरचा क्यूआर कोडही स्कॅन करून पाहावा. गूगलच्या व्यवसाय नोंदीतून तयार केलेल्या मोफत वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या, आणि छापून ठेवलेल्या खोक्यांवर तोच जुना दुवा असण्याची शक्यता आहे. तसे असेल तर नव्या पत्त्याचे स्टिकर पहिली पेटी निघण्यापूर्वी लावून घ्यावेत. जूनमध्ये शेवटची पेटी गेली की दर काढून ‘यंदाचा हंगाम संपला’ असे लिहावे आणि पुढच्या वर्षी कळवण्यासाठी मोबाइल नंबर नोंदवण्याची एक चौकट तेथे ठेवावी.