बुरशीतला विषाणू शोधताय? या चुका टाळा

खडखड्या रोगाने वाळलेलं ज्वारीचं ताट आणायचं, त्यातली मॅक्रोफोमिना ही रोग करणारी बुरशी प्लेटवर वाढवायची आणि वसाहत जरा पांढुरकी दिसली की ओरडायचं, "मॅडम, विषाणू!" सोलापुरात दर रब्बीला हे ऐकते. वारंवार एका प्लेटवरून दुसरीवर नेलेली (सबकल्चर केलेली) बुरशी तशीही मलूल पडते. उलट काळ्याभोर, भराभर वाढणाऱ्या वसाहतीत विषाणू बिनबोभाट नांदत असतो. रंग बघून निवडू नका, सगळे आयसोलेट, म्हणजे एकेका ताटातून वेगळी काढलेली बुरशी, तपासा.

माझा खरा राग धुण्याच्या द्रावणावर, म्हणजे बफरवर आहे. आपण शोधतो ती विषाणूची खूण म्हणजे दुहेरी धाग्याचा आरएनए. धुताना तो सेल्युलोजला चिकटून राहतो, तो बफरमध्ये साधारण १६ टक्के इथेनॉल असतं म्हणून. एका मे महिन्यात एका विद्यार्थ्याचे सगळे जेल कोरे, आरएनएची एकही पट्टी (बँड) नाही. आयसोलेट स्वच्छ, म्हणजे विषाणूमुक्त आहेत, असं त्याने वहीत लिहूनही टाकलं. बाटली पाहिली तर आठवडाभर खिडकीशी, झाकण सैल, बाहेर चाळिशी ओलांडलेलं ऊन. अल्कोहोल उडून गेलेलं! नशीब, सेल्युलोज भरलेल्या नळीतून (कॉलममधून) वाहून आलेलं पाणी मी कुणाला टाकू देत नाही. त्यातून साका पाडला, ताज्या बफरमध्ये विरघळवून पुन्हा सेल्युलोजवर चढवला, आणि दोन आयसोलेटमध्ये बँड लख्ख. तेव्हापासून बफर रोज सकाळी नवा. जेल बघेपर्यंत काही ओतायचं नाही. "एवढं कशाला, मॅडम?" म्हणणाऱ्याला मी ती वही दाखवते.

आरएनएज ए हे आरएनए कापणारं एन्झाइम वापरताना मीठ विसरू नका. जास्त मिठात दुहेरी धागा वाचतो, कमी मिठात तोही चट्टामट्टा. मी नमुना अर्धा-अर्धा करून दोन्हीकडे चालवते.

बँड दिसला की "विषाणूमुळे रोगशक्ती घटली" असं लिहून मोकळं होणारे तर पुष्कळ. युरोपात चेस्टनट झाडाच्या करप्यावर हायपोव्हायरस (बुरशीची रोगशक्ती घटवणारा विषाणू) उपयोगी पडला, म्हणून प्रत्येकाला खडखड्यावरही तसाच उतारा हाती लागल्याची स्वप्नं पडतात. अहो, त्याच आयसोलेटची विषाणूमुक्त जोडी कुठंय? मॅक्रोफोमिना प्लेटवर बीजाणू देताना कंजूष, स्क्लेरोशिया (तंतूंच्या कडक काळ्या गाठी) हेच जास्त. म्हणून विषाणूमुक्त जोडीसाठी मी बुरशीच्या तंतूचं टोक कापून नवी वसाहत काढते. एकदा कापून भागत नाही, पुन्हा पुन्हा कापावं लागतं. मग विषाणू परत आत घालायचा: जुळणाऱ्या वाणाशी तंतू एकमेकांत मिसळून, नाहीतर प्रोटोप्लास्टमधून, म्हणजे भिंत काढलेल्या पेशींतून. न जुळणारे वाण शेजारी ठेवून "संक्रमण होत नाही" म्हणणं म्हणजे कुलूप लावून पाहुण्याची वाट बघणं.

"थेट सीक्वेन्सिंगला पाठवू" हा नवा शॉर्टकट. मिळालेला तुकडा बुरशीच्या स्वतःच्या जीनोममधलाही असतो. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) न वापरता, नुसत्या डीएनएवर पीसीआर करा. तिथेही बँड आला तर तुकडा बुरशीचाच असू शकतो, पेढे थांबवा.