कामावर परत घेतले, पण दावा संपला का? बडतर्फीच्या प्रकरणात या चुका टाळा

बडतर्फ झालेल्या कामगाराने कामगार न्यायालयात तक्रार दाखल केली किंवा समेट अधिकाऱ्यापुढे वाद नेला, की अनेकदा मालकाचे पत्र येते: ‘आपण तत्काळ कामावर हजर व्हावे.’ पगार बंद असलेल्या घरात अशा पत्राचा आनंद होणे अगदी साहजिक आहे. मात्र या पत्राने फक्त पुढचा पगार सुरू होतो. कामावरून काढल्याच्या तारखेपासून हजर होण्याच्या तारखेपर्यंतचा पगार (म्हणजे मागील पगार), त्या काळातील सेवेचे सातत्य आणि कामगारावर ठेवलेला ठपका या तिन्ही गोष्टी तशाच अनिर्णित राहतात. कामगाराने आपल्या वागण्याने किंवा सहीने त्या सोडून दिल्या, तर पुढे न्यायालयालाही फारसे काही करता येत नाही.

सर्वांत महाग पडणारी चूक घरी बसून राहण्याची आहे. ‘दावा चालू असताना कामावर गेलो तर दावा संपेल’ असा समज कामगारांमध्ये खोलवर रुजलेला आहे आणि कधी कधी युनियनचे कार्यकर्तेही तोच सल्ला देतात. प्रत्यक्षात मालकाने जुन्याच पदावर, जुन्याच पगारावर, कोणतीही अट न घालता परत बोलावले आणि कामगार गेला नाही, तर त्या तारखेनंतरचा मागील पगार मिळणे अत्यंत कठीण होते. काम देऊ केले असताना ते नाकारणाऱ्याला बेकारीची भरपाई कशी द्यायची, असा प्रश्न न्यायालय विचारते आणि त्याला चांगले उत्तर नसते. काही प्रकरणांत तर कामगाराला कामात रसच नाही, असाही निष्कर्ष निघतो आणि मूळ दावा दुबळा होतो.

म्हणून हजर व्हावे, परंतु लेखी पत्र देऊन व्हावे. ‘माझे मागील पगार, सेवेतील सातत्य व प्रलंबित तक्रारीबाबतचे सर्व हक्क अबाधित ठेवून मी आज कामावर हजर होत आहे’ एवढे एक वाक्य पुरेसे आहे. त्या पत्राच्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का व तारीख घ्यावी. पोच देण्यास नकार मिळाला तर तेच पत्र त्याच दिवशी टपालाने, पोचपावतीसह पाठवावे. बोलावणे खरे आहे की केवळ न्यायालयाला दाखवण्यासाठी आहे, हे गेटवरच कळते. सुरक्षारक्षकाने आत सोडले नाही, किंवा आत घेऊन काम न देता दिवसभर बसवून ठेवले आणि मस्टरवर नाव लावले नाही, तर त्या दिवसाची नोंद संध्याकाळपर्यंत मालकाला व कामगार आयुक्त कार्यालयाला लेखी कळवणे आवश्यक आहे. तोंडी सांगितलेली ही हकीकत वर्षभराने उलटतपासणीत टिकत नाही. त्याच दिवशी पाठवलेले पत्र टिकते.

पत्रातील शब्द न वाचता सही करणे

‘आपणांस पूर्ववत कामावर घेण्यात येत आहे’ आणि ‘आपली नेमणूक करण्यात येत आहे’ या दोन वाक्यांत हजारो रुपयांचे अंतर असते. दुसऱ्या प्रकारच्या पत्रात बहुधा नवी नेमणूक तारीख, सहा महिन्यांचा परिवीक्षा (प्रोबेशन) काळ आणि कधी कंत्राटदाराचे नावही असते. अशा वेळी कामगार परत आलेला नसतो, तर नव्याने भरती झालेला असतो. ग्रॅच्युइटीचे उदाहरण घेऊ. ती शेवटच्या मूळ पगार व महागाई भत्त्यावर, सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या हिशेबाने आणि महिना २६ दिवसांचा धरून मोजतात. आज २६,००० रुपये पगार असलेल्या कामगाराच्या एका वर्षाचे १५,००० रुपये होतात. निवृत्तीच्या वेळी पगार ५२,००० झाला असेल, तर त्याच एका वर्षाचे ३०,००० होतात. आधीची अकरा वर्षे जुन्या नोकरीत बंद करून नवी नेमणूक स्वीकारली, तर त्या वर्षांचा हिशेब आजच्या पगारावर थांबतो आणि १,६५,००० रुपयांचे नुकसान होते. ज्येष्ठता, बढती आणि रजेचा साठा यांचे नुकसान आणखी वेगळे.

अशा पत्राला नकार द्यावा असे नाही, पण उत्तर मात्र द्यावे. मूळ नेमणुकीच्या तारखेपासून सेवा सलग धरली जावी, परिवीक्षेची अट मान्य नाही आणि दुरुस्त पत्र मिळावे, असे लिहून हजर होण्याची तयारी दाखवावी. अटी घालून दिलेला प्रस्ताव आणि बिनशर्त प्रस्ताव यांत न्यायालय फरक करते. तो फरक दिसण्यासाठी कामगाराचे उत्तर कागदावर असावे लागते.

याच टेबलावर बऱ्याचदा दुसरा कागदही पुढे केला जातो: ‘मला सर्व रक्कम मिळाली असून माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही.’ पैसे न मिळता यावर सही करू नये. पैसे मिळाले असतील, तर कोणत्या महिन्यांचे आणि कोणत्या हिशेबाने मिळाले, ते त्याच कागदावर लिहून घ्यावे.

घाईने दिलेली पुरसिस

कामावर घेतल्यानंतर मालकाचे वकील ‘आता प्रकरण काढून टाकू’ असे सुचवतात आणि कामगार कोर्टात पुरसिस (पक्षकाराचे लेखी निवेदन) देऊन तक्रार बिनशर्त मागे घेतो. माझ्या मते कायद्याने दिलेला हक्क कामगार इतक्या सहज दुसऱ्या कुठल्याही टप्प्यावर गमावत नाही. फक्त पुनर्स्थापनेची, म्हणजे कामावर परत घेण्याची, मागणी पूर्ण झाली आहे, मागील पगार व सातत्याचा वाद शिल्लक आहे, असे पुरसिसमध्ये लिहिता येते आणि उरलेल्या मागण्यांवर प्रकरण चालू ठेवता येते. तडजोड करायचीच असेल, तर ती दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी लेखी व्हावी आणि न्यायालयाच्या किंवा समेट अधिकाऱ्याच्या नोंदीवर यावी. महाराष्ट्रातील १९७१ च्या अनुचित कामगार प्रथाविषयक कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतील नवव्या बाबीनुसार निवाडा, तडजोड किंवा करार अमलात न आणणे हीच एक अनुचित प्रथा आहे, म्हणून शब्द मोडणाऱ्या मालकाविरुद्ध औद्योगिक न्यायालयात जाण्याचा मार्ग मोकळा राहतो. व्यवस्थापकाच्या केबिनमध्ये तोंडी मिळालेल्या आश्वासनाला हे संरक्षण नाही.

मागील पगाराबाबत मौन

पुनर्स्थापना झाली की मागील पगार आपोआप मिळतो, असे नाही. २०१३ मध्ये महाराष्ट्रातील एका प्राथमिक शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, बेकायदेशीरपणे काढलेल्या कर्मचाऱ्याला सातत्य व मागील पगारासह परत घेणे हाच सर्वसाधारण नियम आहे. पण त्याच निर्णयात कर्मचाऱ्यावर एक जबाबदारी आहे: मधल्या काळात आपण कुठेही कमावते नव्हतो, किंवा पूर्वीपेक्षा कमी पगारावर काम करत होतो, हे त्याने निदान निवेदनात मांडले पाहिजे. ते मांडले की उलट सिद्ध करण्याचा भार मालकावर जातो. तक्रारीत आणि शपथपत्रात हे वाक्यच नसल्यामुळे अनेकांचा मागील पगार कापला जातो. याच्या उलट, रिक्षा चालवली किंवा दुसरीकडे नोकरी केली असेल तर ते लपवू नये. तुटपुंज्या कमाईने हक्क जात नाही, पण खोटे शपथपत्र साऱ्या प्रकरणावरचा विश्वास घालवते. भविष्य निर्वाह निधीच्या खात्यातील नोंदी मालकाला सहज सापडतात.

‘सेवेतील सातत्य’ एवढेच मागणेही अपुरे आहे. आंध्र प्रदेशातील रस्ते परिवहन महामंडळाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये स्पष्ट केले की, सातत्य मिळाले म्हणून गैरहजेरीच्या काळातील वेतनवाढी आपोआप मिळत नाहीत. त्यामुळे मागणीत आणि तडजोडीच्या मसुद्यात वेतनवाढी, बोनस, रजा व भविष्य निर्वाह निधीची वर्गणी यांचा स्वतंत्र उल्लेख करावा. खात्यांतर्गत अपिलात बडतर्फी रद्द होऊन त्याऐवजी वेतनवाढ रोखली जाते आणि मधला काळ ‘विनावेतन रजा’ धरला जातो, तेव्हाही तो आदेश मुकाट्याने स्वीकारू नये. शिल्लक राहिलेला वाद लेखी नोंदवावा.

अपिलाच्या निकालाची वाट पाहताना मुदतीकडे दुर्लक्ष होते, आणि ही चूक नंतर दुरुस्त करणे फार अवघड असते. राज्याच्या १९७१ च्या कायद्याखाली तक्रारीची मुदत ९० दिवसांची आहे. विलंब माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण लागते. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये कामगाराला थेट न्यायालयात जाण्यास तीन वर्षे मिळत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती मुदत दोन वर्षांची आहे. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांना तर शाळा न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांतच अपील करावे लागते. ‘साहेब परत घेणार आहेत’ या भरवशावर ही मुदत संपू देऊ नये. राज्याच्या कायद्याखाली तक्रार केली, तर त्याच कारणासाठी केंद्रीय कायद्याखाली दुसरी कार्यवाही करता येत नाही, म्हणून मार्ग निवडण्यापूर्वीच वकिलाशी बोलावे.

न्यायालयाने पुनर्स्थापनेचा निवाडा दिला आणि मालक उच्च न्यायालयात गेला, की बरेच कामगार निकालापर्यंत विनापगार थांबतात. तसे थांबण्याची गरज नाही. जुन्या अधिनियमाच्या कलम १७ब मधील आणि नव्या संहितेतही असलेल्या तरतुदीनुसार, अपील चालू असेपर्यंत मालकाने शेवटचा पूर्ण पगार द्यावा लागतो. त्यासाठी आपण कोणत्याही आस्थापनेत नोकरीस नाही, असे शपथपत्र कामगाराने त्या न्यायालयात दाखल करावे लागते, आणि ते मालकाच्या याचिकेची नोटीस हाती पडताच तयार करायला घ्यावे.