कामाच्या पिशवीतून कॉमिक घरी कसं आणायचं, आणि मग त्याचं काय करायचं

कॉमिक आणायला म्हणून मी वेगळी कधी बाहेर पडत नाही. आजोबांची औषधं, शिवायला टाकलेला ड्रेस, कॉलेजच्या नोट्सच्या झेरॉक्स अशी तीन-चार कामं हातात असतात. त्यांच्यामधे कुठेतरी जुन्या पुस्तकांच्या ढिगापाशी वीस मिनिटं मिळतात. अकराव्या वर्षापासून हे चालू आहे, म्हणजे आता आठ वर्षं झाली. या काळात थोडे अंक माझ्या हातून खराब झाले आणि बरेच वाचवता आले. नुकतंच गोळा करायला लागलेल्यांसाठी ते सगळं एकदा नीट लिहून काढते आहे.

निघण्याआधी

एक छोटी वही करा. फोनमधली यादी चालते, पण ढिगापाशी दोन्ही हात धुळीने भरलेले असतात आणि वही काखेत धरता येते. माझ्या वहीत प्रत्येक मालिकेला एक पान आहे. हाती आलेले क्रमांक खोडलेले, राहिलेल्यांभोवती गोल. नुसता क्रमांक लिहू नका, वर्षही लिहा. पुष्कळ मालिका मधेच थांबवून पुन्हा 1 पासून सुरू करतात. त्यामुळे एकाच नावाचे, एकाच क्रमांकाचे दोन वेगळे अंक असू शकतात. असा एक अंक मी आनंदाने घरी आणला होता, आणि पहिल्या दोन पानांतच कळलं की माझी गोष्ट ही नव्हेच.

वर्ष शोधायला मुखपृष्ठावर विसंबू नका. आतल्या पहिल्या पानाच्या तळाशी किंवा मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत प्रकाशकाचं नाव, अंक क्रमांक आणि साल असतं, ते वाचा. पुनर्मुद्रण असेल तर बहुतेक वेळा तिथेच कळतं. अमेरिकी अंकांवर छापलेला महिना विक्रीच्या महिन्याच्या पुढचा असायचा. सुपरमॅन पहिल्यांदा ज्या अंकात आला त्या ‘अॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकावर जून 1938 असं छापलेलं आहे, पण तो दुकानात एप्रिलमध्येच आला होता. अंक दुकानात जास्त दिवस ताजा दिसावा म्हणून ही युक्ती.

पिशवीत ए-फोर मापाचं कडक प्लास्टिकचं फोल्डर ठेवा आणि त्यात दोन पुठ्ठे. अमेरिकी मासिक अंक साधारण 17 बाय 26 सेंटिमीटरचा असतो, तो यात आरामात मावतो. युरोपीय अल्बम मात्र अंदाजे 22 बाय 30 चे, म्हणजे ए-फोरहून थोडे रुंद. ते कोंबले की कोपरे ठेचतात. त्यांच्यासाठी मी जुन्या कॅलेंडरचा मोठा पुठ्ठा नेते. जपानी खिशात मावणारे खंड जाड आणि लहान असतात, त्यांना फक्त रबर लावू नका म्हणजे झालं. रबर कडा कापतं आणि जुनं झालं की वितळून कागदाला चिकटतं.

कामांचा क्रम हा खरा महत्त्वाचा मुद्दा. कॉमिकचा ढीग सगळ्यात शेवटी. आधी घेतलं की उरलेल्या प्रत्येक ठिकाणी ती पिशवी खाली ठेवली जाते, तिच्यावर दुसरी पिशवी येते, कोणाचा तरी धक्का लागतो. आणि पाण्याची बाटली दुसऱ्या पिशवीत. हे मी सोळाव्या वर्षी शिकले. बाटलीचं झाकण तिरकं बसलं होतं आणि औषधांच्या रांगेत उभी असताना सहा अंक भिजले.

भिजलंच तर काय करायचं, ते इथेच सांगते, कारण तेव्हा शोधत बसायला वेळ नसतो. ओली पानं ओढून वेगळी करू नका. अंक आडवा ठेवा, जिथे सहज उघडतो तिथे न छापलेला कोरा कागद किंवा टीपकागद सरकवा आणि तो सारखा बदलत राहा. वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. पंखा खोलीत फिरू दे, पण अंकावर थेट वारा नको आणि ऊनही नको. बुरशी दोन दिवसांत धरू शकते. जास्त अंक भिजले आणि एवढा वेळ नसेल तर प्रत्येक अंक प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवा. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, मग एकेक काढून वाळवता येतो. गुळगुळीत, चकचकीत कागदाचे अंक आधी हाती घ्या. ती पानं ओली असताना एकमेकांना चिकटली आणि तशीच वाळली की पुन्हा सुटत नाहीत. माझ्या सहांपैकी दोन तसेच गेले. जुन्या खरखरीत कागदाचे चार वाचले, थोडे लाटा आलेले.

ढिगापाशी

मधला अंक ओढून काढू नका. वरचे उचला, बाजूला ठेवा, मग हवा तो घ्या. डाव्या तळव्यावर अंकाची पाठ टेकवा आणि उजव्या हाताने पानं उघडा, पूर्ण सपाट नाही, पुस्तक अर्धवट मिटल्यासारखं. मुखपृष्ठ मागे दुमडून धरणारे लोक पाहिले की मला अजूनही पुढे होऊन हात धरावासा वाटतो.

मी सगळ्यात आधी मधलं पान उघडते. अंक घडी घातलेल्या कागदांचा असतो, मधोमध पिना मारलेल्या. एका कागदाची चार पानं होतात, म्हणून पानांची एकूण संख्या नेहमी चारच्या पटीत. यावरून दोन गोष्टी समजतात. एक, सगळ्यात आधी सुटतो तो मधला कागद, आणि तो गेला तरी बाहेरून काही कळत नाही. दोन, पुढचं एखादं पान कोणी फाडून नेलं असेल तर त्याचा जोडीदार मागच्या अर्ध्यात सुटा होतो. मागे एखादं पान लोंबताना दिसलं की पुढे काय गेलंय ते शोधा.

मग जाहिरातींची पानं पाहा. जुन्या अंकांत कापून पाठवायची कुपनं असत. कुपन कापलं की पानाच्या पाठीमागची चौकटही जाते, आणि ती नेमकी महत्त्वाची असते. माझ्याकडच्या एका अंकात खलनायकाचा चेहराच त्या चौकोनी भोकात गेला आहे.

पिवळा कागद हा दोष मानू नका. स्वस्त कागदाच्या लगद्यात लाकडातलं लिग्निन राहतं आणि उजेड व हवा लागून ते पिवळं पडतं. वय झालंय, एवढाच त्याचा अर्थ. कागद ठिसूळ झाला असेल तर मात्र विचार करा. कोपरा दुमडून पाहू नका, तो तुटेल. घडीच्या खाचेत तपकिरी चुरा साचलाय का ते बघा. पिना गंजल्या असतील तर भोवतालचा कागद किती खाल्लाय ते बघा. आणि वास घ्या. जुन्या कागदाला गोडसर वास येतो, तो चांगला. कुबट, ओल्या भिंतीसारखा वास आला तर मी अंक तिथेच ठेवते, कितीही हवा असला तरी. एक बुरशीचा अंक अख्ख्या खोक्याला लागतो.

मुखपृष्ठ निळसर दिसत असेल तर तो उन्हात राहिलेला. तांबडा आणि पिवळा रंग आधी उडतो, निळा मागे उरतो.

अंकाच्या अवस्थेला 0.5 ते 10 असे गुण देण्याची पद्धत आहे आणि संग्राहक तीच भाषा बोलतात. ती शिकून घ्या, बोलताना उपयोगी पडते. पण कडक प्लास्टिकमध्ये कायमचा बंद केलेला, उघडताच न येणारा अंक मला नको. आतल्या गोष्टीसाठी मी तो घेते. साडेतीन गुणांचा, पूर्ण पानांचा अंक माझ्यासाठी पुरेसा आहे.

घरी आल्यावर

हात धुवा आणि पूर्ण कोरडे करा. सुती हातमोजे लागत नाहीत. त्यांनी बोटांना पानाची कड जाणवत नाही आणि पान फाटतं. मऊ ब्रशने पाठीकडून बाहेरच्या कडेकडे धूळ झाडा. मग एक दिवस सावलीत, हवेशीर जागी अंक थोडा उघडा उभा ठेवा आणि बाकीच्यांपासून लांब, कारण कसर असली तर ती अशा वेळी दिसते. पानांतून पळणारा चंदेरी किडा दिसला की तो अंक पिशवीत बंद करून वेगळाच ठेवायचा.

चिकटपट्टी लावू नका. हे मी मोठ्या अक्षरांत लिहायला हवं. बाराव्या वर्षी मी आठ अंकांची फाटकी पानं पारदर्शक चिकटपट्टीने जोडली आणि मला फार समाधान वाटलं होतं. तीन-चार वर्षांत पट्टी पिवळी पडली, तिचा डिंक कागदात झिरपला आणि मागच्या बाजूच्या चित्रांवर तेलकट पट्टे उमटले. ते आता निघत नाहीत. फाटलेलं पान तसंच असू द्या, मागे पुठ्ठा आणि भोवती पिशवी एवढं पुरतं. जोडायचंच असेल तर पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या पिठातल्या स्टार्चची खळ वापरतात, पण आधी एखाद्या टाकाऊ मासिकावर पुष्कळ सराव करा. अंक पुढे कोणाला दिलात तर दुरुस्ती केली आहे हे सांगा.

पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्या किंवा पॉलिएस्टरच्या घ्या. मऊ, तीव्र वासाच्या पीव्हीसीच्या नकोत, त्यातून निघणारी द्रव्यं शाईला आणि कागदाला त्रास देतात. मागचा पुठ्ठा आम्लविरहित हवा. साध्या पुठ्ठ्यातलं आम्ल अंकात उतरतं आणि मलपृष्ठ तपकिरी होतं. पिशवीला लाटा आल्या किंवा ती पिवळी पडली की बदला. अंक खोक्यात उभे ठेवा, सैलही नको आणि दाटीही नको. सैल ठेवले की वाकतात. खोकं जमिनीवर आणि बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका, ओल तिथूनच येते. हवेतली आर्द्रता 50 टक्क्यांच्या आत राहिली तर उत्तम, 65 च्या वर गेली की बुरशीची भीती. माझ्याकडे साधा मापक आहे आणि खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या.

रांगेत आणि वाचताना

जुना अंक रांगेत वाचू नका. रांगेसाठी अलीकडचा जाड संकलित खंड ठेवा, त्याला पिशवीत फिरण्याची सवय लागू द्या. किंवा माझी आवडती गोष्ट करा. वहीच्या मागच्या पानावर चार चौकटी आखा आणि समोरची रांग त्यांत काढा. चित्र यायलाच हवं असं नाही, काड्यांची माणसं चालतात. काय काढायचं आणि काय दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत सोडून द्यायचं, हे ठरवताना कॉमिक कसं बनतं ते कळतं. एक बाई चष्मा शोधत होत्या. पहिल्या चौकटीत मी त्यांचा पर्समधला हात काढला, दुसऱ्यात डोक्यावरचा चष्मा. शोधणं सगळं त्या पट्टीत गेलं, तरी धाकट्या भावाला ते दिसलं.

घरी प्रत्येक अंक दोनदा वाचा. पहिल्यांदा गोष्टीसाठी. दुसऱ्यांदा फुग्यांतले संवाद न वाचता, फक्त चित्रं. पान उलटल्यावर पहिली चौकट काय आहे ते पाहा. डावीकडून उजवीकडे वाचायच्या अंकात धक्का बहुतेकदा डाव्या पानावर लपवलेला असतो, म्हणजे पान उलटेपर्यंत दिसत नाही. जपानी खंडांत तो उजव्या पानावर असतो, कारण ते उजवीकडून डावीकडे वाचायचे. भिंग असेल तर नायकाच्या गालावर धरा. तो गुलाबी रंग म्हणजे पांढऱ्या कागदावरचे तांबडे-पिवळे ठिपके आहेत. ठिपक्यांनी छटा भरायची ही पद्धत बेंजामिन डे ज्युनियर यांच्या नावाने बेन-डे म्हणून ओळखली जाते, आणि ती 1879 ची आहे. चार शायांमध्ये अख्खं जंगल, अख्खं आकाश. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अर्धा तास नुसती ठिपकेच बघत बसले होते.

एक काम मात्र मी करत नाही. पहिल्या पानावर कोणी पेन्सिलीने नाव लिहिलेलं असेल तर ते खोडत नाही. सहज खोडता येतं, मऊ खोडरबराने, आणि अंक स्वच्छही दिसेल. पण ज्या जंगलातल्या मालिकेचा मला नाद आहे, तिचे 9 आणि 11 हे अंक मला तीन वर्षांच्या अंतराने, दोन वेगळ्या ढिगांत मिळाले आणि दोन्हींवर एकच नाव आहे, तेच वाकडं मोठं अक्षर, नावाखाली तीच दुहेरी रेघ. 9 वर अक्षर मोठं आणि पसरट, 11 वर थोडं सुधारलेलं. ते मूल त्या दोन अंकांच्या मधे लिहायला शिकत होतं. खोक्यात आता ते दोघे शेजारी आहेत.

वहीत 10 भोवती अजून गोल आहे. तो ढिगात दिसला की मी मधलं पान नंतर बघेन, आधी पहिलं उघडेन.