सोनेरी मुलाम्याचे फ्रेंच प्राणी-घड्याळ कसे पारखावे

पाठीवर घड्याळ वाहणारा हत्ती, बैल, रानडुक्कर किंवा गेंडा जुन्या घराच्या वाटणीत आपल्या हाती आला, तर तबकडीवरचे नाव वाचण्याआधी प्राणी नीट पाहावा. अठराव्या शतकातील पॅरिसमध्ये कांस्य ओतणारे आणि घड्याळे घडवणारे यांचे संघ वेगळे होते. त्यामुळे तबकडीवर घड्याळजी ज्युलियां ल र्‍वा यांचे नाव असले, तरी ते यंत्रापुरतेच धरावे. प्राणी दुसऱ्याच कारखान्यातला असतो. १७४८ मध्ये उस्ताद ओतारी झालेले झाँ-जोसेफ द सें-जेर्मां यांनी असे प्राणी मोठ्या कौशल्याने घडवले, आणि त्यांचा ठसा कधी कधी कांस्यावर सापडतो.

गेंडा असेल, तर त्याच्या खांद्यांच्या मधोमध बोट फिरवावे. तेथे दुसरे लहान शिंग लागले आणि अंगावर चिलखतासारखे पत्रे दिसले, तर त्या आकृतीचा उगम थेट गोव्याच्या धक्क्यापर्यंत जातो. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फर शाह याच्याकडून भेट आलेला गेंडा पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सो दे आल्बुकेर्क याने जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून पोर्तुगालचा राजा मानुएल याच्याकडे धाडला आणि २० मे रोजी तो लिस्बनला उतरला. जर्मनीतील न्युरेंबर्गचा चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने तो प्रत्यक्ष पाहिला नाही. हाती आलेल्या वर्णनावरून व रेखाटनावरून त्याने त्याच वर्षी लाकडी ठशाचे चित्र केले, आणि खांद्यावरचे नसलेले शिंग दोन शतकांहून अधिक काळ युरोपात खरे मानले गेले. पुढे बंगालहून १७४१ मध्ये रॉटरडॅमला नेलेली क्लारा ही मादी १७४९ मध्ये पॅरिसच्या जत्रेत लोकांनी पाहिली, झाँ-बाप्तिस्त उद्री याने तिचे पूर्णाकृती चित्र रंगवले, आणि कातडीच्या खऱ्याखुऱ्या घड्या असलेला एकशिंगी गेंडा घड्याळांखाली आला. आपल्या किनाऱ्यावरून गेलेल्या जनावराची ही खूण मला फार मोलाची वाटते. तरीही शिंगावरून नमुना कळतो, वय कळत नाही, कारण एकोणिसाव्या शतकात या नमुन्यांच्या पुष्कळ प्रती निघाल्या.

वयासाठी घड्याळ मऊ कापडावर आडवे ठेवून खालून पाहावे. मुकुटाखाली ‘सी’ अक्षराचा बारीक ठसा असल्यास तो तांब्याच्या मिश्रधातूंवरील कराचा असून हा कर १७४५ ते १७४९ एवढाच काळ होता. म्हणून ठसा नसणे हा दोष नव्हे. जुना मुलामा पाऱ्याचा असे. सोने पाऱ्यात कालवून कांस्यावर लावत, भट्टीत पारा उडून गेला की सोने चिकटून राही, आणि मग काही भाग अकीकाने घोटून चकचकीत करत, काही मंद ठेवत. त्या वाफांनी कारागिरांच्या शरीराची हानी होई. १८४० नंतर विजेचा मुलामा आला. तो सर्वत्र सारखा आणि पातळ बसतो. मुलामा नसलेल्या आतील बाजूस धातू पिवळट-तपकिरी दिसावा. करडा दिसल्यास ते जस्त समजावे.

यंत्रात लंबक रेशमी दोऱ्यावर टांगलेला असेल, तर रचना जुनी. पातळ पोलादी पट्टी असेल, तर ती एकोणिसाव्या शतकातली किंवा दुरुस्तीत बसवलेली. मागच्या पत्र्यावर जापी फ्रेर या फ्रेंच घड्याळ-कारखान्याचा ठसा दिसला, तर यंत्र अठराव्या शतकातले नव्हे.

फोंड्याकडच्या एका घरात मी असा हत्ती पाहिला, जो सणाआधी समईबरोबर चिंचेने घासला गेला होता: सोंडेच्या वळणावर सोने उरले होते आणि गंडस्थळावर उघडे लालसर कांस्य. चिंच, आमसूल, राख, पितळ उजळण्याचे पॉलिश यांपैकी काहीही या मुलाम्याला लावू नये. कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ झाडावी, आणि पावसाळ्यात समुद्राच्या वाऱ्याची खिडकी टाळून घड्याळ भिंतीपासून थोडे दूर ठेवावे. जागा बदलताना आधी लंबक काढावा आणि घड्याळ प्राण्याच्या सोंडेला किंवा शिंगाला न धरता दोन्ही हातांनी बैठकीखालून उचलावे.